अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पत्रांवरून त्यांचे नवरे गोपाळराव प्रत्यक्षात कसे होते असं म्हणायचं? आणि ती पत्रं वाचायची कुठे?

दोन्ही होते. शिकवणारेही आणि मारणारेही. लोकांना एकच पाहिजे असतं, म्हणून अर्धे जण पाय धरतात आणि अर्धे शिव्या घालतात.

नाटक-सिनेमातले गोपाळराव थोडा वेळ बाजूला ठेवा. आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेलं एक पत्र आहे. तुमची वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं फार कठीण आहे, असं त्या म्हणतात आणि मग सरळ यादीच देतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. हे त्या वयाला, शरीराला, मनाला झेपणारं नव्हतं. त्याच वयात मी निघून गेले असते तर काय झालं असतं, असंही विचारतात. वडिलांच्या अब्रूला बट्टा लागेल म्हणून गेले नाही, म्हणतात. नवरा-बायकोत कायदा आडवा येत नाही आणि आलाच तर पुरुषाच्या बाजूने येतो, हेही त्यातच आहे. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, तीच ही मुलगी. हे लिहिताना वय विशीच्या आत-बाहेर.

माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. हे पत्र गेलं कोणाला? गोपाळरावांनाच. आणि ते आज आपल्याला वाचायला मिळतं. म्हणजे ज्याच्यावर आरोप होता त्याने ते चुलीत घातलं नाही. या माणसाबद्दल मला थोडा आदर आहे तो एवढ्याचसाठी. अमेरिकेला पाठवलं वगैरे नंतर.

आता हे मला इतकं का लागतं ते सांगतो.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला. तुमच्याकडे निघाला असेल तर साचा माहीतच असेल: पुरुषाला अर्धं पान आणि खाली ‘पत्नी, माहेर अमुक गावचे तमुक’ अशी एक ओळ. आमच्या खापरपणजीला मात्र चांगला परिच्छेद मिळाला. का, तर तिने ‘आपल्या पाटल्या दिराच्या शिक्षणासाठी आनंदाने काढून दिल्या’. दीर पुढे वकील झाले, त्यांचा फोटोही आहे, पगडीसकट.

पुढे तिच्या माहेरचा वाडा पाडायला काढला तेव्हा तिथल्या एका दप्तरात तिने थोरल्या भावाला लिहिलेली पत्रं निघाली. पुरुषांची सगळी मोडी लिपीत, हिची तेवढी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, मोठमोठ्या अक्षरांत. काही कार्डं, काही पाकिटं. कार्डांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्षेमकुशल. ‘तीर्थरूप दादांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार’, पाऊस बरा आहे, मुलाचा खोकला गेला. साहजिक आहे. एका पैशाचं कार्ड 1879 मध्ये सुरू झालं खरं, पण ते पोस्टमनपासून सासऱ्यांपर्यंत सगळे वाचणार. अर्ध्या आण्याच्या पाकिटात मात्र बाई बोलते. एका पाकिटात पाटल्यांचा विषय आहे. त्या मी दिल्या नाहीत, निजले असताना पेटीतून नेल्या, परत मागितल्या तर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. तुम्ही येऊन विचारा, आईला सांगू नका.

मी ते पाकीट घेऊन आमच्या काकांकडे गेलो. कुलवृत्तांताचे संपादक तेच. पुढच्या आवृत्तीत हे छापा, म्हटलं. काका म्हणाले, “घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? आणि बायका माहेरी लिहिताना वाढवूनच लिहितात.” वाढवून लिहितात! मग ‘आनंदाने’ कोणी वाढवलं? त्याला तर कागदाचा चिटोरासुद्धा आधार नाही. वकीलसाहेबांच्या मुलाने कधीतरी सांगितलेलं, तेवढंच. आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, “अरे, पण ती स्वतः लिहितेय ना?” काका उठून देवपूजेला गेले.

तेव्हापासून कोणी ‘त्या काळच्या बायका किती समाधानी होत्या’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही कार्डं वाचलीत, पाकिटं कुठे वाचलीत?

बरं, तुमचा प्रश्न. आनंदीबाईंची पाकिटं टिकली कारण ती दोन-तीन हातांत विखुरली होती. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणायच्या. मिशनरी मासिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून याच बाईंनी आधी पत्र घातलं होतं. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई गेल्या, बाविसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र बॉस्टनला निघालं आणि 1889 मध्ये काशीबाई कानिटकरांचं मराठी. आधी काशीबाईच वाचा. त्या स्वतः लग्नानंतर घरात शिकलेल्या, त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठे पत्रालाच बोलू द्यायचं हे त्यांना बरोबर कळलं. नाट्यमय काही मिळेल अशी आशा ठेवून जाऊ नका. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या गारठतात म्हणून गुजराती पद्धतीने नेसायचं ठरवलं, असल्या गोष्टी भरपूर आहेत. मला त्याच जास्त आवडतात.

गोपाळरावांना एकदम राक्षस करू नका, हेही सांगायला हवं. 1883 मध्ये अठरा वर्षांच्या बायकोला आपण सोबत न जाता कलकत्त्याहून बोटीवर बसवायचं म्हणजे जातीचं बोलणं घरी बसून आपणच खायचं. ते त्यांनी खाल्लं. 1886 च्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. आणि पत्रही काही गंगाजल नसतं. रागात लिहिलेलं असतं, भीतीने गाळलेलं असतं, काशीबाईंनीही निवडलेलंच असणार. आमच्या काकांबद्दलही खरं ते सांगतो. घराण्याचे बाकीचे कागद वाळवीपासून त्यांनीच वाचवले. माझ्या वडिलांनी रद्दीत घातले असते.

तरी तुमच्या घरात अशी पत्रं असतील तर एक ऐका. बालबोधी पत्रं आधी वाचा, त्यातली पाकिटं आधी. मोडीतली नंतर एखाद्या मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, ती बहुतेक देण्याघेण्याची आणि शेतसाऱ्याची निघतात. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पत्त्याच्या आणि शिक्क्याच्या बाजूचासुद्धा, तारीख बऱ्याचदा तिथेच सापडते. आणि कुलवृत्तांतवाले आले तर त्यांना फोटो द्या, मूळ पत्र हातात देऊ नका.