प्रत्येक चिडका माणूस 'निगेटिव्ह' नसतो

प्रश्न : नमस्कार ताई. ऑफिसच्या फीडबॅकमधे माझ्याबद्दल इंग्रजीत 'थोडी सिनिकल आहे' असं लिहून आलंय. मोबाईलवर अर्थ बघितला तर निराशावादी. मी तर अजिबात तशी नाहीये, उलट हातात घेतलेलं काम होणारच असं छातीठोकपणे सांगणारी आहे. मग पेसिमिस्ट, सिनिक, स्केप्टिक हे सगळं एकच का?

उत्तर : एकच नाही, आणि मोबाईलने तुम्हाला चुकीचा अर्थ दिलाय. पेसिमिस्टचा भरवसा नसतो तो पुढे काय होईल यावर, सिनिकचा भरवसा नसतो तो माणसांवर. समजा ऑफिसात नवीन योजना आली, तर पेसिमिस्ट म्हणेल 'बघा, दोन महिन्यात बंद पडणार', सिनिक म्हणेल 'साहेबांना प्रमोशन हवंय म्हणून काढलीय' आणि स्केप्टिक म्हणेल 'आधी आकडे दाखवा, मग बोलू'. पहिल्याला शेवट वाईट दिसतो, दुसऱ्याला सगळ्यांच्या मनात काळंबेरं दिसतं आणि तिसरा फक्त पुरावा मागतोय, त्याला तर मी शहाणाच म्हणेन.

शब्दांची मुळं बघितली की हे आणखी नीट कळतं. पेसिमिस्टच्या मुळाशी लॅटिनमधला 'सर्वात वाईट' या अर्थाचा शब्द आहे, स्केप्टिकच्या मुळाशी ग्रीकमधला 'नीट पाहणं, तपासणं', आणि सिनिक म्हणजे ग्रीकमधे चक्क 'कुत्र्यासारखा'. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस, त्याला लोक कुत्रा म्हणायचे आणि तो ते नाव अभिमानाने लावायचा, कारण पैसा, मानपान, दिखावा सगळं त्याने लाथाडलं होतं. म्हणजे मूळचे सिनिक हे विरक्त लोक होते हो, निराश नव्हते. पुढे त्यांची विरक्ती गेली आणि दुसऱ्याच्या चांगुलपणावर गुरगुरणं तेवढं शब्दात उरलं. मराठीत याला नेमका एक शब्द मला आजवर सापडलेला नाही, मी 'कुणाच्याच हेतूवर विश्वास नसलेली' असं लांबलचक लिहिते, पण निराशावादी कधीच लिहीत नाही. तुम्ही ज्यांनी फीडबॅक दिला त्यांना जरूर विचारा की माझं कोणतं वाक्य तुम्हाला तसं वाटलं. कदाचित तुम्ही नुसता पुरावा मागितला असेल आणि त्यांनी शब्द चुकीचा वापरला असेल, तसं असेल तर तो बदलून घ्या, असल्या शेऱ्यांवर माणसाचं पुढचं बरंच काही ठरतं.

प्रश्न : मी भाषांतराचा कोर्स करतोय. ग्रम्पी, क्रँकी, सलन, सर्ली, पेट्युलंट... मी सगळीकडे 'चिडका' लिहितो आणि सर सगळीकडे लाल गोल करतात. काय करू?

उत्तर : सरांचं बरोबर आहे रे. मी पण सुरुवातीला एका गोष्टीतल्या 'सलन' मुलाला 'रागीट मुलगा' लिहिलं होतं, तेव्हा संपादकांनी मला एवढंच विचारलं की हा मुलगा कुठे ओरडलाय ते दाखवा. मी पान परत वाचलं. मुलगा दाराला टेकून उभा होता, नखाने चौकटीचा रंग खरवडत होता आणि आई तीनदा हाक मारूनही वर बघत नव्हता, बस्स, अख्ख्या पानभर त्याच्या तोंडी एक शब्द नव्हता. तो घुम्या होता. सलनचं मूळ 'एकटा' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे हे मला नंतर कळलं, आणि तो दारातला मुलगा एकदम जसाच्या तसा डोळ्यापुढे उभा राहिला.

म्हणून आधी बघ की राग बाहेर येतोय की आत धुमसतोय. बाहेर येत असेल तर कसा येतोय, खेकसतो, त्रागा करतो, की नुसती किरकिर? पेट्युलंट म्हणजे मोठ्या माणसाने लहान मुलासारखा केलेला त्रागा, मनासारखं झालं नाही की पाय आपटणं. पीविशला आपल्याकडे 'करवादणारा' असा झकास शब्द आहे, तो हल्ली कुणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सर्ली म्हणजे तुसडा, त्यात गंमत अशी की तो 'सर' वरूनच आलाय, सुरुवातीला अर्थ होता साहेबी तोऱ्यातला. ग्रम्पी सगळ्यात सौम्य, झोप झाली नाही की कुणीही ग्रम्पी होतं, आणि आवडत्या आजोबांनाही प्रेमाने ग्रम्पी म्हणता येतं, सर्ली म्हणता येत नाही. भुकेने चिडचिड झाली तर हँग्री, भूक आणि राग हे दोन शब्द जोडून केलेला, २०१८ मधे तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतही आला. क्रँकीला जपून, अमेरिकेत त्याचा अर्थ चिडचिडा पण ब्रिटनमधे बहुतेक वेळा विक्षिप्त. आणि क्रॅबी दिसला की खेकडा आणू नकोस, इंग्रजीतला खेकडा चिडका असतो, मराठीतला दुसऱ्याचे पाय ओढतो!

एक शब्द मात्र दोन्ही भाषांमधे छान जुळतो. टेम्परचं मूळ योग्य प्रमाणात मिसळणं, समतोल राखणं असं आहे. म्हणून इंग्रजीत टेम्पर हरवतो आणि मराठीत तोल जातो.

प्रश्न : असे आणखी जुळणारे शब्द आहेत का?

उत्तर : आहेत की. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं असं आपण म्हणतो, इंग्रजीतही कलुषित नजरेला 'जाँडिस्ड' म्हणतात. उदास, गंभीर माणसाला 'सॅटर्नाइन' म्हणतात, सॅटर्न म्हणजे आपला शनी. आपण उत्साहावर विरजण घालतो, इंग्रजीत तसं करणाऱ्या माणसाला 'वेट ब्लँकेट' म्हणतात, कारण ओलं ब्लँकेट टाकून आग विझवता येते. रागीट माणसाला कोलेरिक म्हणतात त्यातला 'कोले' म्हणजे पित्त, आणि आपलंही पित्त खवळतंच.

प्रश्न : इंग्रजीतला 'करमजन' म्हणजे माणूसघाणा का? आणि तो शब्द आला कुठून?

उत्तर : माणूसघाणा म्हणजे मिसँथ्रोप, त्याला माणसंच नकोशी असतात. करमजन म्हणजे वयाने पिकलेला खडूस, प्रत्येक गोष्टीवर कुरकुर करणारा, पण शेजारपाजार लागतोच त्याला, नाहीतर कुरकुर ऐकणार कोण. पूर्वी याचा अर्थ कंजूष असाही होता. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या डिक्शनरीत याचं मूळ फ्रेंच 'केर मेशाँ' म्हणजे दुष्ट हृदय असं दिलं आणि ही माहिती कुणाकडून आली तेही प्रामाणिकपणे लिहिलं, 'एक अनोळखी पत्रलेखक'. वीस वर्षांनी, १७७५ मधे, जॉन ॲश यांनी स्वतःची डिक्शनरी काढली आणि जॉन्सनची ती नोंद घाईत वाचून छापलं की केर म्हणजे अनोळखी आणि मेशाँ म्हणजे पत्रलेखक! आजच्या डिक्शनऱ्या दोन्ही बाजूला ठेवून सरळ लिहितात, मूळ अज्ञात.