उन्हाळ्यातला ट्राउट: फ्लाय नको, आधी पाणी तपासा

डोहात ट्राउट (थंड पाण्यातले मासे) दिसतात, दुपारभर फ्लाय (पिसं-दोऱ्यांनी गळावर बांधलेला नकली किडा) बदलूनही एक घेत नाही, आणि संध्याकाळी लागलेला एक सोडल्यावर उताणा झाला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीचं कारण बहुधा एकच: पाणी तापलंय.

ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअस मानवतं. १८ च्या पुढे तो सुस्तावतो आणि २० ला आपण गळ गुंडाळायचा. १० अंशाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला ९. अडीच हजार मीटर उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे हे आकडे आणखी पाव हिश्श्याने उतरतात. तिकडे गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. झुंजून दमलेला मासा मग सावरत नाही.

थर्मामीटर काठच्या उन्हातल्या उथळ पाण्यात बुडवू नका. सावलीत, वाहत्या धारेत, गुडघाभर खोलीवर दोन मिनिटं धरा. पाणी सर्वांत थंड सूर्योदयाच्या सुमारास असतं आणि सर्वांत गरम दुपार कलताना. संध्याकाळी हवेत गारवा येतो म्हणून लोक फसतात. पाणी निवायला बरीच रात्र जाते. तेव्हा उजाडताच सुरुवात करा. हिमनदीतून येणाऱ्या ओढ्याचं गणित वेगळं: तिथे दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं, म्हणून तिथेही सकाळच, पण कारण दुसरं.

जागा बदला. संथ डोहात दिसणारे मासे तुम्हालाही बघत असतात. खळाळत्या उथळ पाण्यात, दगडांमागच्या खळग्यांत हवा जास्त मिसळते, आणि फेसाळ पृष्ठभागाखालून माशाला तुम्ही नीट दिसत नाही. तिथे लांब फेक नकोच. चार-पाच मीटरवरून, रॉड उंच धरून, फक्त लीडर (जाड लाइनच्या पुढचा बारीक, पारदर्शक दोरा) पाण्याला टेकेल असं टाका. मधल्या जोरदार धारेवर लाइन पडली की फ्लायला ओढ लागते, आणि ती फ्लाय मासा घेत नाही. थंड ओहोळ मिळतो त्या तोंडाशी मासे दाटीने उभे दिसतील. बाकी नदी तापलेली असेल तर त्यांना हात लावू नका, ते जीव वाचवायला तिथे आलेत.

फ्लायबद्दल थोडक्यात: भर उन्हाळ्यात काठावरून पडणाऱ्या किड्यांसारख्या फ्लाय चालतात. नाकतोडा १० किंवा १२ नंबर (आकडा मोठा तितका गळ छोटा), आणि त्याच्या गळाच्या बाकाला दीड-दोन फूट टिपेट (लीडरच्या टोकाला लावतात तो सर्वांत बारीक दोरा) बांधून १६ नंबरचा मणीवाला निम्फ (पाण्याखालच्या कोवळ्या किड्यासारखी फ्लाय). नाकतोडा जरा आपटूनच टाका, खराही तसाच पडतो. तो नाकारला तर १८ नंबरची मुंगी.

टिपेटवर माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. पाणी नितळ म्हणून सगळे ६एक्स किंवा ७एक्सवर उतरतात. (११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते; ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिमी.) बारीक दोऱ्यावर मासा हळूहळू दमवावा लागतो, आणि तेच त्याला मारतं. ५एक्सच ठेवा, लीडर १२ फुटांचा करा, आणि मासा लवकर आत घ्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. हात ओले, मासा पाण्यातच, फोटोसाठी वर काढलात तर पाच सेकंद. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा. पुढे-मागे हलवू नका, कल्ल्यांतून उलटं पाणी जातं.

तलावावर गोष्ट निराळी. उंचावरचे छोटे तलाव उन्हाळाभर थंड राहतात. मासे पहाटे आणि तिन्हीसांजेला तळ एकदम खोल जातो त्या कडेने फिरतात. दुपारी वारा सुटला तर तो ज्या काठावर आदळतो तिथे जा, किडे तिथेच गोळा होतात. खालच्या तलावांत वरचा थर तापला की मासे खोल जातात. तिथे चिलटाच्या कोषाची फ्लाय इंडिकेटरखाली (दोऱ्यावर सरकणारा छोटा तरंगा) लावा. खोली मोजायला फ्लायला पक्कड अडकवून सरळ खाली सोडा, ती तळाला टेकली की इंडिकेटर पाण्याच्या पातळीवर बसवा आणि मग फ्लायकडे एक फूट सरकवा. फ्लाय तळापासून एक फूट वर लटकते. पण खोलातून ओढलेला मासा वरच्या तापलेल्या थरातूनच येतो, म्हणून पृष्ठभाग २० च्या वर असेल तर इथेही थांबायचं.

दुपारी ढग गडगडले तर कार्बनचा रॉड लगेच खाली ठेवून काठापासून दूर व्हा. वीज त्यातून वाहते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, आणि परतलात तरी ओढा गढूळ होऊन चढत असेल तर पात्रात उतरू नका.