कृष्णाला की कृष्णेला? मुलीच्या एका जुन्या नावाबद्दल

एका वाचक आईचा प्रश्न असा: "मुलगी तीन आठवड्यांची झाली. नवऱ्याच्या पणजीचं नाव कृष्णा होतं, तेच ठेवावं असं आम्हा दोघांना वाटतं. पण सासूबाई म्हणतात, नाव जुनाट आहे. दीर म्हणतात, हे मुलाचं नाव आहे. आत्याबाई म्हणतात, अर्थ 'काळी' असा होतो. शिवाय बोलताना आमचाच गोंधळ उडतो. 'कृष्णाला घे' म्हणायचं की 'कृष्णेला घे'? नाहीच जमलं तर सई आणि अहिल्या ही दोन नावं मनात आहेत."

शेवटचा गोंधळ आधी सोडवते, कारण दिरांच्या हरकतीचं उत्तर त्यातच आहे.

मराठीत आकारान्त स्त्रीलिंगी नामाला प्रत्यय लागताना शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो: शाळा–शाळेला, गंगा–गंगेला. अकारान्त पुल्लिंगी नामाच्या शेवटच्या 'अ'चा 'आ' होतो: देव–देवाला, राम–रामाला. आता हे तुमच्या नावाला लावून बघा. 'कृष्णाला' हे कृष्णाचं, म्हणजे मुलाचं रूप. मुलीचं रूप 'कृष्णेला'. हाकेचंही तसंच. 'कृष्णा!' ही 'कृष्ण' नावाच्या मुलाला मारलेली हाक, आणि 'कृष्णे!' ही मुलीला मारलेली. तेव्हा दिरांचा कान चुकीचं ऐकत नाही. तुम्ही 'कृष्णाला घे' म्हणता तेव्हा व्याकरणाच्या हिशोबानं तुम्ही खरोखरच मुलाला घ्यायला सांगता. त्यात भर म्हणजे हल्ली मुलांचं नाव कागदोपत्रीही 'कृष्णा' असं लिहितात. 'कृष्ण' रोमन लिपीत लिहिताना शेवटी जे अक्षर जोडतात, ते देवनागरीत परत येताना काना होऊन येतं. त्यामुळे पहिल्या विभक्तीतही मुलगा-मुलगी असा भेद उरला नाही. तो भेद आज फक्त 'कृष्णेला, कृष्णेनं, कृष्णेचं' या रूपांत शिल्लक आहे.

नदीच्या बाबतीत हा प्रश्न कुणालाच पडत नाही. बातमी 'कृष्णेला पूर' अशीच येते, आणि ती वाचून हा कृष्ण कोण असं कुणी विचारत नाही.

पण मग यावर कुणी म्हणेल, आपण रेखाला 'रेखेला' कुठे म्हणतो? म्हणत नाही, आणि त्यालाही कारण आहे. 'रेखेला' म्हटलं की भूमितीतली रेषा डोळ्यांपुढे येते. 'पूजाला बोलाव' आणि 'पूजेला बोलाव' ही दोन अगदी वेगळी आमंत्रणं आहेत. नाव आणि सामान्यनाम एकच असेल तर माणसाचं नाव न बदलता ठेवून आपण दोन्ही वेगळी ओळखतो. कमल, कुसुम, सुमन या नावांतही तेच दिसतं. फूल असेल तर 'कुसुमाला', बाई असेल तर 'कुसुमला'. मला हे फार सुंदर वाटतं. व्याकरणाच्या पुस्तकात या बारकाव्याला चार ओळी मिळतात, पण मराठी बोलणारं चार वर्षांचं मूलही तो चुकत नाही. आज बहुतेक विशेषनामं आपण न बदलताच चालवतो. रामायणातल्या सीतेला आपण 'सीतेला' म्हणतो, पण शेजारच्या सीताला 'सीताला'. म्हणून 'कृष्णाला' चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण जी सोय पूजाला न बदलण्यात आहे, तीच कृष्णेला बदलण्यात आहे. तुमच्या घरी मी 'कृष्णेला'च म्हणेन.

माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचं नावही कृष्णा होतं. तिच्या वडिलांनी तिला सासरी पाठवलेलं एक पोस्टकार्ड आमच्याकडे आहे. शाई तांबूस झाली आहे, एका कोपऱ्याला पाणी लागलं आहे, पण अक्षर स्वच्छ लागतं. पत्त्याच्या बाजूला 'सौ. कृष्णाबाई' असं लिहिलंय. मजकुराची सुरुवात 'चि. कृष्णीस अनेक आशीर्वाद'. आणि पुढे, बहुधा जावयांसाठी, 'कृष्णेची प्रकृती कळवावी'. एका कार्डावर एकाच मुलीची तीन रूपं. टपालवाल्यासाठी आणि चारचौघांसाठी कृष्णाबाई, बापाच्या तोंडी कृष्णी, जावयाशी बोलताना कृष्णा. जुनी नावं अशीच वापरली जायची. यमुनाची यमू किंवा यमी व्हायची, गोदावरीची गोदू, भागीरथीची भागू, सावित्रीची साऊ. मोठेपणी मागे बाई, ताई, काकू, मावशी लागायचं आणि मग विभक्तीचा भार तेच पेलायचं: यमुनाबाईंना, कृष्णाकाकूंचं. नुसतं नाव फार कमी वेळा उच्चारलं जायचं. आज आपण नाव तेवढं उचलतो, त्याच्याभोवतीची ही रूपं उचलत नाही. मग ते कोरडं आणि वजनदार लागतं आणि दोष नावाला देतो. कृष्णी म्हणून बघा. तीन आठवड्यांच्या बाळाला ते नाव नीट बसतं.

एक सावधगिरी मात्र सांगते. 'कृष्णे!', 'यमे!', 'गोदे!' ही एकारान्त हाक संस्कृतातूनच आलेली आहे. 'गंगे च यमुने चैव' या स्नानाच्या श्लोकात नद्यांना अशाच हाका मारल्या आहेत. पण मराठीच्या बोलण्यात या हाकेला रागाची धार लवकर चढते. आईनं मारली तर माया, परक्यानं मारली तर हेटाळणी. म्हणून घरात लाडाचं रूप सगळ्यांनी मिळून एकच ठरवावं आणि तेच रुळवावं.

आता 'जुनाट'. सासूबाईंनी 'जुनं' म्हटलं असतं तर मी एवढी थांबले नसते. 'जुना' हा शब्द जीर्ण, प्राकृतात जुण्ण, असा आपल्यापर्यंत आला, पण येता येता त्यातला जीर्णपणा गळला. जुना मित्र, जुनी ओळख, जुना तांदूळ, सगळ्यांत आदरच आहे. 'जुनाट' मात्र आपण खोकल्याला म्हणतो, दुखण्याला म्हणतो, पडक्या घराला म्हणतो. कृष्णा हे नाव जुनं आहे, जुन्या वळणाचं आहे, जुनाट नाही.

आणि जुनं म्हणजे तरी किती? जुना शब्द आणि जुनं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्रेयी आणि गार्गी बृहदारण्यक उपनिषदातल्या. शब्द म्हणून त्या आपल्या सगळ्या आज्यापणज्यांहून कितीतरी जुन्या, पण मराठी घरातलं नाव म्हणून आजही ताज्या वाटतात. उलट द्वारका, काशी, मथुरा ऐकलं की लगेच नऊवारी नेसलेली बाई डोळ्यांसमोर येते. नाव जुनं वाटतं ते शब्दाच्या वयामुळे नाही, तर ते आपण शेवटचं कुणाला हाक मारताना ऐकलं त्यामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या बायकांची माहेरची नावं पाहिली तर नद्यांचा आणि तीर्थांचा सुकाळ दिसतो. 1865 साली जन्मलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही यमुनाच, लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका, म्हणजे काशीचा घाट. नंतर कमल, कुसुम, विमल, सुमन अशी फुलं-गुण आले, मग सुनीता, अनिता, संगीता. तुमची पणजी या नद्यांच्या थरातली. सासूबाईंना कदाचित त्या थराशी जोडलेलं कष्टाचं आयुष्य आठवत असेल. ते मी समजू शकते, आणि त्यांच्याशी त्याबद्दल जरूर बोला. पण तो भार त्या आयुष्याचा आहे, नावाचा नाही.

आत्याबाईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे. कृष्ण म्हणजे काळा, कृष्णा म्हणजे काळी. महाभारतात द्रौपदीचं एक नाव कृष्णा आहे आणि ते तिच्या वर्णावरूनच आहे. तिच्या रूपाची ख्याती सगळ्या भारतवर्षात होती, तरी तिचं नाव बदलून कुणी गौरी केलं नाही. कृष्ण नावाच्या मुलाला 'अर्थ काळा होतो' असं कुणी बजावल्याचं मी ऐकलेलं नाही. मुलीच्याच नावात काळेपणा खुपतो, हे मनाला लागतं. या हरकतीसाठी नाव सोडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

राहिले दोन पर्याय. सई म्हणजे सखी. सखीतला ख प्राकृतात ह झाला, सही झालं, मग तो ह ही विरला आणि सई उरली. ओव्यांमधल्या 'सयांनो' या हाकेत तीच आहे. शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव सईबाई, त्यामुळे नाव निदान साडेतीनशे वर्षं चालू आहे, आणि तरीही ते कुणाला जुनाट वाटत नाही. अहिल्याच्या बाबतीत तुम्हाला कुणीतरी नक्की दुरुस्त करायला येईल की शुद्ध रूप 'अहल्या'. संस्कृतात ते तसं आहे, पंचकन्यांच्या श्लोकातही 'अहल्या'च आहे. पण मराठीनं 'अहिल्या' घडवलं, अहिल्याबाई होळकरांनी ते नाव भारतभर नेलं, आणि मराठी नाव म्हणून तेच शुद्ध आहे. जन्मदाखल्यावर वेलांटी बिनधास्त द्या.

नाव कृष्णाच ठेवलंत तर दाखल्यावर नुसतं 'कृष्णा' लिहा. 'बाई' तिला पुढे लावायची असेल तर ती लावेल. आणि दाखला करण्याआधी दोन दिवस घरात सगळ्यांनी पूर्ण वाक्यांत बोलून बघा: कृष्णेला भूक लागली, कृष्णेचं लंगोट बदल, कृष्णेनं आज डोळे भरून पाहिलं. दिरांनाही बोलायला लावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या तोंडून न सांगता 'कृष्णेला' निघालं, तर त्यांची हरकत मिटली असं समजा.