आधी रिव्हॉल्व्हर, मग साचा

तुम्ही एच-१बी या कामाच्या व्हिसावर आयडाहोतल्या बॉयझीला येताय, हरणाच्या शिकारीसाठी .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, आणि गोळ्या घरी ओतायला कुठला साचा आत्ताच मागवू, असं विचारलंत. आत्ता काहीच मागवू नका.

पहिलं कायद्याचं. एच-१बीवाल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. ही मनाई दारूगोळ्यालाही लागू आहे, आणि त्यात रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर, नुसती गोळीसुद्धा धरतात. म्हणजे परवान्याआधी गॅरेजमध्ये ओतलेली गोळीही गुन्ह्यात बसू शकते. १ जानेवारी १९७५ ला किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर आयडाहोत परवान्याआधी शिकार-प्रशिक्षणही लागतं. हे सगळं इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. डाग लागला तर व्हिसावर येतं.

आता साचा. तो हातातलं रिव्हॉल्व्हर मोजल्याशिवाय ठरत नाही. सिलिंडरच्या प्रत्येक घराचं (जिथे काडतूस बसतं) पुढचं तोंड मोजा, आणि मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ठोकून काढून नळीचा व्यासही मोजा. .४४ ची नळी साधारण ०.४२९ इंच असते, ओतीव गोळी बहुधा ०.४३० ते ०.४३२. गोळी सिलिंडरच्या त्या तोंडातून बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. तोंडंच नळीपेक्षा अरुंद असतील तर गोळी तिथेच दबून बारीक होते, नळीत शिसं चिकटतं, आणि कितीही महागडा साचा आणलात तरी उपयोग नाही. गनस्मिथकडून तोंडं रुंद करून घ्यायची.

आकाराबद्दल मी जुन्या मताचा. बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ आपल्याच राज्यातल्या सॅमन गावचा. त्याच्या आराखड्याचा लायमन कंपनीचा ४२९४२१ नंबरचा साचा, त्यातून सपाट नाकाची, सुमारे २५० ग्रेन (१६ ग्रॅम) वजनाची गोळी. हरणाला भरपूर झाली. सुरुवातीला ली कंपनीचा ॲल्युमिनियमचा स्वस्त साचाही चालेल.

शिसं फार कडक करायच्या मागे लागू नका. गोळी मापाची असणं कडकपणापेक्षा महत्त्वाचं. छपाईच्या टाइपचं शिसं तर हाडावर फुटू शकतं. चाकाला लावायची जुनी वजनं आणि थोडं कथिल पुरतं. पण हल्लीची बरीच वजनं जस्ताची असतात. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४२० ला, तेव्हा भांडं ४२० च्या खाली ठेवा आणि तरंगणारी वजनं काढून टाका.

पावडरचं प्रमाण मी सांगणार नाही, इंटरनेटवरच्या कुणाचं घेऊही नका. त्याच गोळीसाठी छापलेलं मॅन्युअल घ्या आणि खालच्या आकड्यापासून वर चढा. अपवाद एच११० या पावडरचा: ती मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली उतरवायची नाही, नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. मध्यम जोराला युनिक नावाची पावडर बरी. पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबा, नाहीतर धक्क्याने गोळ्या पुढे सरकून सिलिंडर अडतो.

ओतकाम स्वयंपाकघरात नाही. पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तर वितळलेलं शिसं उसळतं. धुरापेक्षा धूळ आणि राख जास्त पोटात जाते, म्हणून हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नको, कपडे वेगळे धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घेत जा.