दोनदा आपोआप गर्भपात झाला आहे. नवरा-बायको दोघांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी) तपासणी करावी का?

करता येते, पण पडलेल्या गर्भाची ऊती तपासायला मिळत असेल तर आधी ती तपासा. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांत साधारण निम्म्या वेळा गर्भातच गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. १६ क्रमांकाचं एक जास्तीचं गुणसूत्र हा त्यातला नेहमीचा प्रकार. ही चूक बहुधा स्त्रीबीज तयार होताना घडते, वयानुसार वाढते. आई-वडिलांचे रिपोर्ट मात्र नॉर्मलच येतात.

ऊती निर्जंतुक सलाइनमध्येच पाठवा. फॉर्मालिनमध्ये टाकली की पेशी मरतात, लॅबमध्ये त्या वाढवता येत नाहीत. (ही चूक फार होते.) रिपोर्ट ‘४६, एक्सएक्स’ (म्हणजे स्त्रीची नॉर्मल गुणसूत्रं) आला, तर आईच्याच पेशी मोजल्या गेल्या नाहीत ना, हे लॅबला जरूर विचारा.

वारंवार गर्भपात होणाऱ्या सुमारे २ ते ५ टक्के जोडप्यांत एकाकडे संतुलित ट्रान्सलोकेशन असतं. म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची जागा बदललेली, पण काही कमी-जास्त नाही, म्हणून माणूस ठणठणीत. ते शोधायला दोघांच्या रक्ताचा कॅरिओटाइपच लागतो, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत; मायक्रोअ‍ॅरेमध्ये (गुणसूत्रांचा कमी-जास्त झालेला भाग शोधणारी चाचणी) ते दिसत नाही. सापडलं तरी बहुतेकांना निरोगी मूल होऊ शकतं. अपवाद २१;२१ रॉबर्टसोनियनचा, म्हणजे २१ क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली असतात त्या प्रकाराचा.