टपरीवर जाऊन ऐक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

'आबा, वेलचीचीच तर जाहिरात आहे, तंबाखू कुठंय त्यात?' एवढं विचारून खाली पानभर मखलाशी केलीस. तुझं मन मानत असतं तर रात्री साडेबाराला मला मेसेज टाकला नसतास.

पानमसाल्याच्याच नावाची वेलची काढणारी ही कंपनी जाहिरातीसाठी तुझ्याकडे का आली ते आधी समजून घे. तुझी अहिराणी रील धुळे-जळगावापासून सुरतेतल्या आपल्या खान्देशी लोकांपर्यंत जाते. आणि बघणारे निम्मे अजून शाळेत आहेत, त्यांच्या कमेंटी मी वाचतो.

आता एक काम कर. उद्या स्टँडजवळच्या टपरीवर अर्धा तास उभा राहा आणि त्या नावाने लोक काय मागतात ते ऐक. वेलची मागणारा एक जरी निघाला तरी खुशाल सही कर. पोरगं येतं, नोट पुढे करतं, नुसतं नाव घेतं. टपरीवाला काउंटरखालून दोन पुड्या काढतो, एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. पोरगं दातांनी दोन्ही फाडतं, एकीतलं दुसरीत ओततं, हलवतं, झाला गुटखा, आणि गालात धरतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी हे रोज चालतं. वेलची दिसते ती फक्त टीव्हीवर.

2003 च्या कायद्याने तंबाखूची आडून केलेली जाहिरातही बंद आहे. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडवळणी जाहिरातींवर नियम काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अक्षय कुमारने वेलचीच्या जाहिरातीवरून चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि करारातून अंग काढलं. त्याला ते परवडलं, तुला परवडणार नाही, हे मला कळतं. पण 'डबीवर वेलची लिहिलंय' हे मला पुन्हा ऐकवू नकोस. डबी वाचू नको, टपरीवर जाऊन ऐक.

आमच्या वेळी निदान लपवाछपवी नव्हती. 1996 चा क्रिकेटचा वर्ल्डकपच विल्स सिगारेटच्या नावाने झाला. गल्लीतली पोरं ते नाव बनियनवर रंगवून घ्यायला माझ्याच पेंटरच्या दुकानात यायची. सिगारेट एकानेही ओढलेली नव्हती, नाव मात्र छातीवर हवं होतं. अमेरिकेत 1991 साली सहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तर मिकी माऊसइतकाच त्यांना सिगारेटच्या जाहिरातीतला उंट ओळखता आला. चव लागायच्या कितीतरी आधी नाव बसतं, रे भो. तुझ्याकडून कंपनीला तेवढंच हवंय.

तुझ्या शॉर्टफिल्मचंही सांगतो. व्हिलन सिगारेट ओढतो तर ओढू दे, पण स्लो मोशन कशाला? आणि मागे ढोल? 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीवरसुद्धा इशाऱ्याची पट्टी सक्तीची आहे. बघणाऱ्याचे डोळे असतात धुराकडे, पट्टी वाचतो कोण?

आणि ती 'मेरा नाम मुकेश है' या तंबाखूविरोधी जाहिरातीची नक्कल काढून टाक. हशा मिळाला, मान्य. तो पोरगा आपल्या भुसावळचा होता. 2009 मध्ये गेला, 24 वर्षांचा. त्याच्या आवाजावर हसायला उरलेला देश आहे, आपण नको.

मी तंबाखूवाल्यांचे बोर्ड घेणं सोडलं तेव्हा लोक म्हणाले, पेंटरचं डोकं फिरलं. ती कामं दुसऱ्याने घेतली, त्याचा बंगला उभा राहिला. मला मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी रानाचा तुकडा विकावा लागला. तिने कधी विषय काढला नाही, तेच जास्त टोचतं. तरी आज बोर्ड आला तर परत पाठवीन. साधुसंत म्हणून नव्हे. माझं दुकान शाळेच्या रस्त्यावर होतं, आणि मी रंगवलेलं नाव उच्चारत कोण कोण टपरीवर यायचं ते मला बसल्या जागी ऐकू यायचं. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी रंगवलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. हं, थोडं आहे.

कॅमेऱ्याच्या हप्त्याची चिंता आहे ना? दोन हप्ते मी भरतो. उसने म्हणून, फुकट नाही. केळीचे पैसे आले की तुझ्या बापाकडून वसूल करीन, त्याला सांगून ठेव.

शुक्रवारपर्यंत टपरीवर जाऊन ये. तिथे स्वतः पुडी घेऊ नको, मला सगळं कळतं. कंपनीला काय उत्तर द्यायचं ते मी लिहून पाठवतो, तुझ्या तोंडून 'नाही' लवकर निघत नाही. तू फक्त खाली नाव टाक.

तुझा,
आबा