कोरा आठवडा गेलेल्याने आधी बोलायचं

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी लिहिते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. चार मैत्रिणींनी जानेवारीत गट केला. चालणं, वाचन, जर्मनचा अभ्यास, गोड बंद, खर्चाची नोंद अशा प्रत्येकीच्या पाच-सहा सवयी ठरल्या. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बरोबरच्या खुणा टाकायच्या असं ठरलं. फेब्रुवारी संपेपर्यंत एकीच्या खुणा थांबल्या, मग दुसरीच्या, आणि आता त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. अ‍ॅप बदलावं का आणि दंड लावला तर उपयोग होईल का, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं अशा एका पाच जणांच्या गटात आहे आणि ओळखीतले काही गट सुरू करून द्यायलाही मदत केली आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. असे गट मोडतात ते बहुतेक वेळा लाजेपायी. एखादीचा आठवडा आजारपणात जातो, ऑफिसच्या ऑडिटमध्ये जातो, घरी पाहुणे असतात. तक्ता कोरा राहतो. बाकीच्यांच्या रांगा भरलेल्या दिसतात, म्हणून ती त्या दिवशी काही लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात लिहिणं आणखी जड जातं, तिसऱ्या आठवड्यात ती ग्रुप म्यूट करते. तिची सवय मोडून पंधरा दिवस झालेले असतात, पण गटातून ती गेलेली असते ती ह्या गप्प बसण्यामुळे. म्हणून गट बांधताना चांगल्या आठवड्याचा विचार नंतर करा. वाईट आठवडा गेलेल्या माणसाला आत येऊन बसता येईल अशी सोय आधी करा.

आमच्याकडे त्यासाठी एकच नियम आहे आणि तो आम्ही कधी सोडत नाही: ज्याचा आठवडा कोरा गेला, तो रविवारच्या चाळीस मिनिटांच्या बैठकीत पहिला बोलतो. त्याने काय अडलं ते दोन वाक्यांत सांगायचं आणि पुढच्या आठवड्याचं ठरवायचं. कोणी ‘अरेरे’ म्हणायचं नाही, कोणी ‘असू दे गं, होतं’ असंही म्हणायचं नाही. पहिलंच बोलून झालं की उरलेला वेळ तो माणूस मोकळा असतो, दुसऱ्यांचं ऐकू शकतो. शेवटी बोलायचं असलं, तर चाळीस मिनिटं तो मनातल्या मनात सबबी जुळवत बसतो.

ह्यात नवीन असं काही नाही. माझी मावशी साताऱ्याकडच्या एका बचत गटात आहे. बचत गटांची पंचसूत्री तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पहिलं सूत्र बैठकीचं आहे, पैशाचं नाही. त्यांच्यात एखादीकडे त्या वेळी पैसे नसले तरी तिने यायचंच असतं, सगळ्यांसमोर सांगायचं असतं आणि ते वहीत लिहिलं जातं. आली नाही तर शेजारीण तिच्या दारात जाते. सवयींच्या गटाला मला हेच हवंसं वाटतं.

आता दंडाचं. बचत गटात गैरहजेरीला दंड असतो हे खरं, पण तिथे मुळात व्यवहारच पैशाचा आहे. तुमच्या गटात दंड लावू नका असंच मी सांगेन. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. तो 2000 साली छापला गेला. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत दंड सुरू केला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर उशीर ही पैसे मोजून घ्यायची सेवा झाली. ‘शंभर रुपये टाकले, विषय संपला’ असं मैत्रिणींच्या गटातही होतं. त्यातून ज्या मैत्रिणीची महिनाअखेर ओढाताणीची असते, ती काही न बोलता बाहेर पडते.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात: कुठलंही चालेल, पण नोंद सगळ्यांना दिसली पाहिजे. 2016 साली ध्येयाच्या दिशेने होणाऱ्या प्रगतीची नोंद ठेवण्यावरच्या 138 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ वीस हजार माणसांची माहिती होती. नोंद ठेवणाऱ्यांना ध्येय गाठायला मदत होते हे तर दिसलंच, शिवाय नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम आणखी मोठा होता. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खुणा वर सरकून जातात, तिसऱ्या दिवशी शोधायला जावं लागतं. एक साधी गूगल शीट करा: आडव्या रांगेत माणसं, उभ्या रकान्यात आठवडे. घरात लावलेल्या कॅलेंडरवर पेनाने लिहून रविवारी त्याचा फोटो टाकला तरी तेवढंच चांगलं. शीटमध्ये लाल-हिरवे रंग भरू नका. लाल चौकोन दिसला की माणूस शीट उघडायचंच टाळतो.

तुमच्या गटाची खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. ‘रोज’ हा शब्द आणि पाच-सहा सवयींची यादी. रोजचा नेम एकदा चुकला की आठवडाच बिघडल्यासारखा वाटतो. त्याऐवजी आठवडा हे माप धरा. ‘रोज चालणं’ नको, ‘आठवड्यात चार वेळा अर्धा तास चालणं’ हवं. मंगळवारी पाऊस आला तर बुधवार आहे. सवय 21 दिवसांत लागते असं सगळीकडे सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर बारा आठवडे हे तपासलं होतं. एखादी कृती आपोआप व्हायला लागण्यासाठी लागणारा काळ साधारण 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांत तो 18 ते 254 दिवस असा अफाट वेगळा होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे हिशेबाने काढलेला अंदाज आहेत). मला त्यातली ह्याहून महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुमच्या पहिल्या मैत्रिणीला फेब्रुवारीत हे कोणी सांगितलं असतं, तर ती कदाचित अजून गटात असती.

दोन सवयी पुरेत. प्रत्येक सवयीला दोन आकडे ठेवा, एक पूर्ण आणि एक किमान. आमच्यातली एक जण शास्त्रीय गाणं शिकते. तिचा पूर्ण आठवडा म्हणजे पाच दिवस पाऊण तास रियाज. किमान म्हणजे दोन दिवस, तानपुरा लावून दहा मिनिटं खर्ज. मुलाची दहावीची परीक्षा होती त्या काळात ती सगळे आठवडे किमानावरच होती, पण तिची रांग कोरी नव्हती. किमान इतकं लहान ठेवा की अंगात ताप नसेल तर ते होईलच.

ध्येय आणि सवय एकाच रकान्यात घालू नका, ह्यावर मी हट्टाने बोलते. ‘पाच किलो वजन उतरवणं’, ‘जर्मनची बी-वन परीक्षा पास होणं’, ‘पूर्वपरीक्षा निघणं’ ही ध्येयं आहेत आणि ती पूर्णपणे आपल्या हातात नसतात. आमच्यात एक जण नाशिकहून एमपीएससी करतो. जागा किती निघतील, कटऑफ कुठे लागेल, जाहिरात कधी येईल, ह्यातलं काहीच त्याच्या हातात नाही. आठवड्याला सहा बैठकी अभ्यास आणि रविवारी सकाळी वेळ लावून सोडवलेला एक पेपर, हे त्याच्या हातात आहे. आठवड्याच्या तक्त्यात तेवढंच येतं. ध्येयाकडे आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघतो: चाललंय ते तिकडेच जातंय का, की सवय बदलायला हवी? वजनाचा काटा दर आठवड्याला गटासमोर मांडणारी माणसं मी फार लवकर खचताना पाहिली आहेत.

बैठकीत पुढच्या आठवड्याचं ठरवताना ‘प्रयत्न करेन’ हे उत्तर घेऊ नका. कधी, कुठे, कशानंतर, हे वदवून घ्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990च्या दशकापासून ह्यावर काम केलं आहे: ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा रूपात ठरवलेली गोष्ट नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडते. ‘सकाळच्या पोळ्या झाल्या की ओटा आवरायच्या आधी जर्मनचे पंधरा शब्द’ हे ठरवणं झालं. ‘ह्या आठवड्यात जर्मनकडे लक्ष देईन’ हे झालं नाही. गोलविट्झर यांच्याच 2009 सालच्या प्रयोगांत कायद्याच्या विद्यार्थ्यांचं असं दिसलं, की ज्यांचा ‘चांगला वकील होण्यासाठी मेहनत घेईन’ हा इरादा दुसऱ्या कोणी ऐकून नोंदवला, त्यांनी पुढे त्या कामाला कमी वेळ दिला. जाहीर केल्यानेच थोडं पोचल्यासारखं वाटतं. म्हणून गटात स्वप्नं मांडण्यात फार वेळ घालवू नका. गेल्या आठवड्यात काय झालं आणि येत्या आठवड्यात कधी बसणार, एवढ्यावर बोला.

वेळ ठरलेली हवी आणि ती हलता कामा नये. आम्ही रविवारी रात्री साडेआठला भेटतो, जेवणं लवकर उरकून. आमच्यातला एक जण स्टुटगार्टला असतो. तिकडची घड्याळं बदलली की त्याच्याकडे तेव्हा पाचाऐवजी चार वाजतात, पण इथली वेळ आम्ही हलवत नाही. चाळीस मिनिटांत पाच जणांना प्रत्येकी आठ मिनिटं मिळतात. सहावा माणूस आला की एकेकाचं ऐकणं उरकल्यासारखं होतं, म्हणून आम्ही पाचावर थांबलो. तुम्ही चौघी आहात, ते उत्तम आहे. नवरा-बायको किंवा सख्ख्या बहिणी एकाच गटात शक्यतो नकोत, घरातलं तिथे येतं. न मागता सल्ला द्यायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

सुट्टी आधी सांगून घेता आली पाहिजे. गणपती, दिवाळी, घरचं लग्न, मार्चअखेर. रांगेत ‘सुट्टी’ लिहायचं, बैठकीला मात्र यायचं. आणि गटाला मुदत द्या. आम्ही बारा आठवड्यांची फेरी करतो. फेरी संपली की प्रत्येकाला विचारायचं, पुढे यायचंय का? नको म्हणणाऱ्याला निरोप देऊन मोकळं करायचं. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःसाठी तेरा गुणांची वही केली होती, आठवड्याला एका गुणावर भर, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. मुदत दिसत असली की माणूस मधल्या अवघड आठवड्यांतून निभावून जातो.

तुम्ही काय कराल? जुना ग्रुप तसाच राहू दे, त्यावर आवाहन टाकू नका. तिघींनाही वेगवेगळा फोन करा, मेसेज नको. जिच्या खुणा सगळ्यात आधी थांबल्या, तिला पहिला. ‘का सोडलंस’ विचारू नका. म्हणा, ‘बारा आठवड्यांपुरतं पुन्हा करून बघायचंय, दोनच सवयी, रविवारी चाळीस मिनिटं. येशील?’ एखादी नाही म्हणाली तर तिघींनी सुरू करा, तिघी पुरतात. पहिल्या रविवारी काही नोंदवायचं नसतं, फक्त प्रत्येकीचे पूर्ण आणि किमान आकडे शीटमध्ये लिहायचे. दुसऱ्या रविवारी जिची रांग कोरी असेल तिने सुरुवात करायची. कोणाचीच कोरी नसेल, तर जिचं किमानच झालं असेल तिने.